सोडवलेल्या जिवाचे पुढे काय?

गेल्या चातुर्मासातील गोष्ट आहे. पर्युषण पर्वाला आठ-दहा दिवस उरले होते आणि दारव्ह्यात चार दिवसांपासून पावसाची झड लागली होती. धाकट्या बंधूंच्या दुकानामागील गोदामात जुन्या खरेदीखताची एक प्रत शोधण्यासाठी मी गेलो होतो. ढेपेच्या पोत्यांच्या आड ठेवलेल्या एका लाकडी फळपेटीत काहीतरी हलले. "घूस असन साहेब, फेकून देतो बाहेर," असे म्हणत हमाल पुढे आला. मी मोबाइलचा उजेड पेटीत टाकला. ओल्या, काळपट केसांच्या गोळ्यातून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते.

ती घूस नव्हती. तो गिनीपिग होता, आणि दोन वर्षांपूर्वी पुण्याहून तो मीच आणला होता.

वाचकांपैकी अनेकांनी 'जीव सोडवणे' हा आपल्या घरांतील शब्द लहानपणापासून ऐकला असेल. पर्युषणात, कुणाच्या पुण्यतिथीला किंवा तपाच्या पारण्याला काही रक्कम देऊन एखादा प्राणी मृत्यूच्या दारातून सोडवायचा आणि पांजरपोळात पोहोचवायचा, ही परंपरा जुनी आहे. पुण्याच्या एका बाजारात मे महिन्याच्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने कोंबलेले हे प्राणी मी पाहिले आणि मला तेच आठवले. मागचापुढचा विचार न करता सहाशे रुपये मोजले. बंधूंच्या नातवाचा वाढदिवस जवळ आला होता; एकाच खर्चात जीवदयाही झाली आणि भेटवस्तूही झाली, असा माझा हिशेब. मुलाने त्याचे नाव 'लड्डू' ठेवले. मी समाधानाने घरी आलो आणि पुढची दोन वर्षे 'लड्डू कसा आहे?' याला 'मजेत आहे' हे उत्तर ऐकून पुढच्या विषयाकडे वळत राहिलो.

माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यातील बरीच कर्ज विभागात. कर्ज मंजूर करणे हे कामाचा लहानसा भाग असते. नंतर पाहणीला जाणे, माल गोदामात खरोखर आहे का हे डोळ्यांनी पाहणे, हीच खरी नोकरी. पाहणी न करता अहवालावर सही करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना मी किती वेळा खडसावले असेल, याची मोजदाद नाही. त्या दिवशी गोदामात उभा असताना मला ते सर्व आठवले.

पेटी घेऊन मी घरी आलो. त्या रात्री झालेला कौटुंबिक संवाद सुखद नव्हता, पण तो लिहिला नाही तर हा लेख अर्धवट राहील. बंधूंच्या सूनबाई प्रथम गप्प राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "मोठे पप्पा, तुम्ही कोणाला न विचारता आणून दिला. घरात आजारी माणूस, दुकानाचा डबा, मुलाची शाळा. त्याचं कोण करणार होतं?" मुलाला चार महिने त्याचा छंद होता. मग परीक्षा आली, मग सुट्टीत सगळे बाहेरगावी गेले. वास येतो म्हणून पेटी गॅलरीतून जिन्याखाली गेली आणि जिन्याखालून गोदामात. कोणी त्याला मारले नाही, उपाशीही ठेवले नाही. उरलेला भात, बिस्किटे, भिजवलेले हरभरे रोज कोणीतरी टाकत होते. त्याच्याकडे पाहिले मात्र कोणी नव्हते. सूनबाईंना देण्यासाठी माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

या प्राण्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. नावात गिनी असले तरी तो आफ्रिकेतील गिनीचा नाही, आणि डुकराशी त्याचे काही नाते नाही. उंदीर-खारींच्या कुळातील हा कुरतडणारा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातला. पेरू, बोलिव्हिया या देशांत हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला माणसाळवले ते खाण्यासाठी, आणि तेथे आजही तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे प्रयोगशाळेत शिरला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो गिनीपिगांवरील प्रयोगांच्या आधारे. ज्यांच्या नावाने मुंबईत परळची हाफकिन संस्था आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस तयार करताना जंतूंची तीव्रता वाढवली तीही गिनीपिगांच्या शरीरातून ते पुन्हा पुन्हा नेऊन. आपण लहानपणी टोचून घेतलेल्या कितीतरी लसींच्या मुळाशी या मुक्या जिवाचे प्राण आहेत. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या घेण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली, तेव्हा आपल्या समाजात आनंद व्यक्त झाला होता. तोच प्राणी माझ्या पेटीत होता, आणि तो येथे कोणत्याही प्रयोगाशिवाय या दशेला पोहोचला होता.

किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन भरले ५४० ग्रॅम. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण नऊशे ग्रॅम ते बाराशे ग्रॅम असते. लड्डू लांब केसांच्या जातीचा असल्याने त्याच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. मागच्या पायांपाशी त्या लघवी आणि लेंड्यांनी वाळून चामड्यासारख्या कडक झाल्या होत्या. खांद्यांवरचे केस गळून तेथे पिवळट खपल्या आल्या होत्या. नखे वाढून कोयत्यासारखी वळली होती आणि एक नख तळव्यात रुतले होते. हात लावताच तो अंग आक्रसून घेई.

सौभाग्यवतींनी पाणी तापवायला ठेवले. आपल्या मनात पहिली गोष्ट तीच येते, आधी अंघोळ. सुदैवाने मी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना दूरध्वनी केला आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात थांबवले. भेदरलेल्या, अशक्त गिनीपिगाला पहिल्या दिवशी पाण्यात घातले तर धक्का आणि थंडी या दोहोंनी तो दगावू शकतो. पहिल्या दिवशी फक्त कोरडी जागा, अंधूक उजेड, पाणी, गवत आणि शांतता द्यायची. त्यांच्या सांगण्यावरून बंधूंच्याच कापड दुकानातील सुती कटपीस अंथरले, एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून लपायला जागा केली आणि खोलीचे दार लोटून घेतले. रात्री दोनला उठून पाहिले, तर तो खोक्यात बसून हरळी खात होता. रात्रिभोजनत्यागाचा नियम त्याला लागू करता येत नाही. त्याच्या पोटात अन्न सतत सरकत राहिले पाहिजे. अर्धा-एक दिवसही तो न खाता राहिला तर आतडी मंदावतात आणि जीव धोक्यात येतो. आपल्या अठ्ठाईच्या तपस्व्यांना हे ऐकून हसू आले होते.

दुसऱ्या दिवशी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथे बैल, म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेत हातात टोपली घेऊन उभा असलेला मी एकटाच. डॉक्टर तरुण होते. गिनीपिग त्यांनी शिक्षणाच्या काळानंतर प्रथमच हाताळला, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यामुळेच मला त्यांचा विश्वास वाटला. केसपेपर भरताना मदतनीसाने विचारले, "मालकाचं नाव?" क्षणभर मी थांबलो. तोंडात बंधूंचे नाव येत होते. मग माझे नाव सांगितले.

डॉक्टरांनी भिंगातून केस पाहिले. मुळाशी बारीक, फिकट उवा हालचाल करीत होत्या. खांद्यावरच्या खपल्यांतून खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा खरजेचे किडेही निघाले. हे किडे कातडीत बिळे करून राहतात. या खरजेची खाज इतकी भयंकर असते की गिनीपिगाला तिने झटके येऊ शकतात. हात लावताच तो अंग का आक्रसत होता, ते तेव्हा कळले.

औषध उपलब्ध होते. गुरांना देतात तेच आयव्हरमेक्टिन. पण ते चारशे किलोच्या जनावरासाठी बनवलेले, आणि रोगी अर्ध्या किलोचा. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला आणि माझ्यापुढे सरकवला, "तुम्ही बँकेतले, तपासून पाहा." मात्रा एका थेंबाहूनही कमी येत होती, म्हणून औषध आधी पातळ करून मगच मोजावे लागणार होते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर काय होते, हे मी आयुष्यभर आकड्यांत पाहिले होते. येथे ते एका जिवावर बेतणार होते. आम्ही दोघांनी तो हिशेब दोनदा केला. येथेच सांगून ठेवतो, घरच्या घरी हे औषध कोणी देऊ नये. तसेच गिनीपिगाला पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी प्रतिजैविके तोंडाने देणे जीवघेणे ठरते, कारण त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू त्यांनी नष्ट होतात. माणसाच्या गोळीचा चतकोर तुकडा देण्याची आपली घरगुती सवय येथे घातक आहे.

सुई भरण्याआधी सौभाग्यवतींनी विचारले, "आणि त्या उवा?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. या मासिकाच्या वाचकांना वाटणार नाही. पाठशाळेत शिकलेला जीवविचार आठवतो ना? शांतिसूरींच्या त्या ग्रंथात त्रींद्रिय जीवांच्या यादीत मुंगी, ढेकूण यांच्यासोबत ऊसुद्धा आहे. गुजरातचा राजा कुमारपाल याच्या राज्यात एका धनाढ्य व्यापाऱ्याने ऊ चिरडली, म्हणून त्याच्या संपत्तीतून पाटण येथे 'यूकाविहार' नावाचे मंदिर बांधले गेले, अशी कथा मेरुतुंगांच्या प्रबंधचिंतामणीत आहे. जुन्या पांजरपोळांत धान्यातील किड्यांसाठीही 'जीवातखाना' नावाची वेगळी खोली असे. आपली परंपरा या बाबतीत किती सूक्ष्म विचार करते, हे जगाला आश्चर्याचे वाटते. आणि येथे एका पंचेंद्रिय जिवाला वाचवायचे, तर शेकडो त्रींद्रिय जिवांवर औषध चालवायचे होते.

श्रावकाच्या व्रतात संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून केलेल्या हिंसेचा त्याग असतो. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, तिची मर्यादा घालायची असते. मग हे इंजेक्शन कोणत्या प्रकारात बसते? आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून पती-पत्नी हा वाद करीत होतो आणि शेजारचा शेतकरी आपल्या शेळीसह तो ऐकत होता. उवा विंचरून काढून गवतात सोडाव्यात, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. डॉक्टरांनी नम्रपणे सांगितले की या उवा गिनीपिगाखेरीज कशावर जगत नाहीत. गवतात सोडल्या तरी काही दिवसांत मरतील. आणि कातडीतले किडे तर विंचरून निघणारच नाहीत.

त्या दिवशी औषध दिले नाही. संध्याकाळी स्थानकात चातुर्मासासाठी विराजित महासतीजींच्या दर्शनाला गेलो आणि सर्व निवेदन केले. अशा सावद्य कार्यात साधू-साध्वी 'करा' असे सांगत नाहीत, हे मला ठाऊक होते, आणि त्यांनी तसे सांगितलेही नाही. त्यांनी एवढेच विचारले, "त्याच्या अंगावर त्या एवढ्या वाढल्या कधी?" मी म्हणालो, दुर्लक्ष झाले तेव्हा. त्या काही बोलल्या नाहीत. यतनेविषयी दोन शब्द सांगून त्यांनी मांगलिक दिले. परतताना माझ्या लक्षात आले की आपण ज्या हिंसेवर दोन तास वाद घालत होतो, ती औषधापासून सुरू होत नव्हती. पेटी जिन्याखाली गेली त्या दिवशीच ती सुरू झाली होती. वेळेवर केस विंचरले असते, अंथरूण बदलले असते, तर ना याला खाज सुटली असती, ना त्या जिवांची उत्पत्ती झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन द्यायला सांगितले. माझ्या जबाबदारीवर. दोन आठवड्यांच्या अंतराने एकूण तीन वेळा ते दिले गेले. सौभाग्यवतींनी प्रत्येक वेळी आयंबिल केले. त्यावर मी काही भाष्य करणार नाही.

आता प्रत्यक्ष साफसफाईविषयी. येथे माझ्या हातून झालेल्या चुकांसह लिहितो, म्हणजे कोणाला उपयोग होईल.

गाठी ओढून सोडवायच्या नाहीत. गिनीपिगाची कातडी नाजूक असते आणि गाठीसोबत ती तंबूसारखी वर उचलली जाते. कात्री चालवली की केसांसोबत कातडीही कापली जाते. मी पहिल्याच गाठीला बारीकसे रक्त काढले. नंतर स्नेह्यांनी सांगितलेली युक्ती कळली. कातडी आणि गाठ यांच्यामध्ये बारीक दातांची फणी आडवी सरकवायची आणि फणीच्या वरच्या बाजूने कात्री चालवायची. कात्री गोल टोकाची हवी. एका बैठकीत दहा मिनिटांहून अधिक नाही. त्याने दात वाजवले की थांबायचे. लड्डूच्या सर्व गाठी निघायला सहा दिवस लागले. निघालेल्या केसांचा ढीग त्याच्याएवढा दिसत होता आणि आत राहिलेला प्राणी इतका लहान, की बंधूंचा नातू पाहून रडू लागला. तोपर्यंत तो लाजेने आमच्याकडे आलाच नव्हता. त्या दिवशी आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "मोठे दादाजी, मी धरू का त्याला?" मी धरू दिले. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाठीला वर उचलून कधीच नाही.

नखे चौदा असतात, पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन. पांढऱ्या नखात आतील गुलाबी रक्तवाहिनी दिसते. काळ्या नखात विजेरी धरून अंदाज घ्यावा लागतो. फार वाढलेल्या नखात ती वाहिनीही लांबलेली असते, म्हणून एकदम आखूड कापायचे नाही; आठवड्याने थोडे थोडे कापले की ती मागे सरकते. चुकून रक्त आलेच तर मक्याचे पीठ चिमटीने दाबून धरले की थांबते. तळव्यात रुतलेले नख मात्र डॉक्टरांनीच काढले.

अंघोळ आठव्या दिवशी, आणि तीही केवळ मागच्या भागाला. उथळ पसरट टोपलीत दोन बोटे कोमट, गाळलेले पाणी. माणसाचा शाम्पू, साबण, कडुनिंबाचे तेल यांपैकी काही नाही. शेजारच्या एकाने घासलेट सुचवले होते आणि दुसऱ्याने गुरांच्या गोचिडांवर लावतात ती भुकटी. हा प्राणी स्वतःला चाटून स्वच्छ करतो, त्यामुळे अंगावर लावलेले सर्व पोटात जाते. गिनीपिगाला शेपूट नसते, पण जेथे ती असती तेथे एक तेलकट ग्रंथी असते. नरांमध्ये तेथे मेणासारखा थर साचतो. त्यावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटे ठेवले आणि मग कोमट पाण्याने हलके पुसले, की थर सुटतो. कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. नंतर टॉवेलात गुंडाळून पूर्ण कोरडे करायचे, कारण ओलसर केसांत बुरशी धरते, आणि तो नायटा माणसालाही लागतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे आम्ही हातमोजे वापरले. निरोगी गिनीपिगाला एरवी अंघोळीची गरजच नसते. लांब केसवाल्याला रोज विंचरणे आणि अंथरूण बदलणे पुरे. म्हणजे रोजची पाच-सात मिनिटे. तेवढी वाचवण्यापायी हे सर्व घडले होते.

आहाराची चूक ही त्याहून मोठी. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा शास्त्रज्ञांनी स्कर्व्ही रोगाचा उलगडा केला तो याच प्राण्यामुळे. धान्यच खाऊ घातलेल्या गिनीपिगांना खलाशांसारखा तो रोग झाला. भात, बिस्किटे आणि हरभरे खाणाऱ्या लड्डूचे केस रुक्ष होणे, सांधे दुखणे, जखमा न भरणे यांमागे हेही असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. उपाय आपल्या अंगणातच. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. लड्डूला रोज पंधरा-वीस मिलिग्रॅम पुरे, म्हणजे पेरूची एक फोड. पेरू देशाचा पाहुणा पेरू खाऊन बरा झाला, असे आमच्या घरात म्हटले जाते. त्याशिवाय कोथिंबीर आणि ढोबळी मिरची. पुस्तकांत त्याला गाजर देतात असे वाचले होते, म्हणून घरात कंदमूळ आणावे लागेल अशी सौभाग्यवतींना धास्ती होती. तशी गरजच नाही. गाजरात साखर अधिक असते. खरा आहार म्हणजे गवत, अखंड आणि मुबलक. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजतात गवत चावूनच.

गवत आणायचे कोठून, याचा आपल्या भागात विशेष विचार करावा लागतो. कपाशीच्या धुऱ्यावरची हरळी हिरवीगार दिसते, पण खरिपात शेजारी फवारणी चालू असते. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले, हे आपण विसरलेलो नाही. आम्ही हरळी घरामागील मोकळ्या जागेत लावली.

लड्डूचे वजन मी दर रविवारी काट्यावर घेतो आणि जुन्या डायरीत नोंदवतो. पहिल्या महिन्यात ते ५४० वरून ५९५ झाले. पुढे आपल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या वेगाने, पण न थांबता वाढत गेले. आज ते ८७० आहे. खांद्यावर केस आले आहेत, तेही मऊ. सकाळी कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की तो शीळ घालतो. आमच्या दूधवाल्याला बरेच दिवस ती प्रेशर कुकरची वाटत होती.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जिवांची क्षमा मागताना या वर्षी त्रींद्रिय या शब्दापाशी मी अडखळलो. दुसऱ्या दिवशी बंधूंच्या घरी खमतखामणा करायला गेलो. बंधू म्हणाले, "दादा, मिच्छामि दुक्कडम् तुम्ही लड्डूलाही म्हटलं असेल." ते थट्टेत बोलले. म्हटले होते.

कायद्याविषयी थोडे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० चा आहे आणि त्याच्या कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी आहे. कलम ११ मध्ये क्रूरता आणि प्राण्याला सोडून देणे यासाठी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपये! बँकेत धनादेश परत गेला तर याहून कितीतरी अधिक कापले जातात. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियमही झाले. पण मी पुण्यात सहाशे रुपये मोजले तेव्हा एक जीव सोडवला असे मला वाटले आणि दुकानदाराला मात्र एक विक्री झाली. रिकाम्या जागेत त्याने दुसऱ्या दिवशी नवा प्राणी आणून ठेवला असणार. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी उभारला, त्यात रस्त्यावरील कुत्री मारली जात होती ती थांबवण्याची तळमळ होती, आणि त्यांनी प्राणी सोडवून कोणाला भेट दिले नाहीत. त्यांच्या कायमच्या खर्चाची तरतूद केली. फरक तेथे आहे.

आता होळी तोंडावर आली आहे आणि मला चिंता आहे ती उन्हाळ्याची. गिनीपिगाला घाम येत नाही. तीस अंशांच्या वर त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. उत्तरेकडील खोलीत त्याची सोय केली आहे. कुलरला नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पण झोत थेट त्याच्यावर येणार नाही अशी व्यवस्था केली. वीज गेली तर मातीच्या मडक्याचा अर्धा भाग ओला करून त्यात तो बसू शकेल. मुलाने ते मडके कुंभारवाड्यातून स्वतः निवडून आणले. तो आता रोज शाळेतून आल्यावर केस विंचरतो. नखे कापायला मात्र अजून धजत नाही. लड्डूला कोठे ठेवायचे, हा प्रश्न सूनबाईंनीच सोडवला: राहील आमच्याकडे, मुलगा येईल तिकडे.

एक गोष्ट राहिली आहे. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून त्याला एकटे ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. लड्डूला सोबती हवा आणि तो दुकानातून आणायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. परवा पशुवैद्यकीय दवाखान्यातून दूरध्वनी आला. यवतमाळला एका भाडेकरू कुटुंबाची बदली झाली असून त्यांच्याकडे एक नर आहे, कोणी नेणार असेल तर ते देतील. मी सौभाग्यवतींना विचारले, बंधूंना विचारले, सूनबाईंना विचारले आणि मुलालाही. दोन नर एकत्र नांदतीलच असे नाही, म्हणून सुरुवातीला शेजारी-शेजारी ठेवावे लागेल. रविवारी सकाळच्या बसने यवतमाळला जाऊन आधी फक्त पाहून येणार आहोत. मुलगा म्हणतो, काटा सोबत घेऊ.